डोंगर लहान का दिसतो?

भंडारदऱ्याच्या जलाशयाकाठी सुट्टीच्या सकाळी एक गोष्ट हमखास घडते. गाडी थांबते, मंडळी उतरतात, समोरची कळसूबाई बघून क्षणभर गप्प होतात. मग फोन निघतात, फोटो निघतो आणि स्क्रीनकडे बघून चेहरे पडतात. समोर आभाळाला टेकलेला डोंगर, आणि फोटोत पाण्यापलीकडे वारुळाएवढा उंचवटा! “फोटोत ती मजा येत नाही,” असं कुणीतरी म्हणतं आणि मंडळी चहाच्या टपरीकडे वळतात.

फोटोत मजा का येत नाही, हे साध्या हिशेबाने कळतं. कळसूबाई १६४६ मीटर उंच, महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर. पण ही उंची समुद्रसपाटीपासूनची. जलाशयाच्या पाण्यापासून मोजलं तर डोंगर सुमारे नऊशे मीटर वर जातो. सहा किलोमीटरवरून बघितलं तर नजरेत तो जेमतेम साडेआठ अंशांची जागा व्यापतो. फोनची मुख्य लेन्स आडव्या फोटोत वरपासून खालपर्यंत सुमारे पन्नास अंश टिपते. म्हणजे चित्राच्या उंचीचा सहावा हिस्सा डोंगराला आणि उरलेले पाच हिस्से आभाळ, पाणी, काठावरचा चिखल आणि कुणाची तरी चप्पल. डोळ्यांचं तसं नसतं. ते शिखरावर खिळतात आणि बाकीचं सोडून देतात. कॅमेऱ्याला असं काही सोडता येत नाही, चप्पल आणि शिखर त्याला सारखंच.

निसर्गचित्रणातली रचना म्हणजे डोळ्यांनी नकळत केलेली ही निवड कॅमेऱ्यासाठी जाणूनबुजून करणं. आणि घरी बसून केलेलं फोटोचं संस्करण म्हणजे तीच निवड शेवटास नेणं. माझ्या अनुभवात संस्करणाचे म्हणून जे दोष दाखवले जातात, त्यातले बहुतेक उभं राहण्याच्या जागेचे असतात.

डोंगर मोठा करायचा तर पहिला उपाय लांब पल्ल्याची लेन्स. शंभर मिलिमीटरच्या लेन्समधून हीच कळसूबाई त्याच जागेवरून चित्राची साठ टक्के उंची घेते. निसर्गाचे फोटो काढायचे म्हणून लोक आधी वाइड लेन्स घ्यायला धावतात. सह्याद्रीपुरतं बोलायचं तर सत्तर ते दोनशेची लेन्स मला जास्त कामाची वाटते. इथे डोंगरांच्या रांगा एकीमागे एक लागतात. लांब लेन्स त्या एकमेकींवर आणून ठेवते आणि प्रत्येक रांग मागच्या रांगेपेक्षा गडद दिसते.

दुसरा उपाय म्हणजे लेन्स वाइडच ठेवायची, पण जवळचं काहीतरी चित्रात आणायचं. इथे एक गोष्ट ध्यानात ठेवली की अर्धं काम होतं. दूरच्या वस्तूचा आकार लेन्स ठरवते, जवळच्या वस्तूचा आकार तुमचे पाय ठरवतात. सहा किलोमीटरवरच्या डोंगराकडे तुम्ही शंभर पावलं चाललात तरी तो तसूभर वाढत नाही. पण समोरच्या खडकाकडे तीन पावलं टाकली की सगळं चित्र बदलतं.

हे मला नीट कळलं ते रतनवाडीला. अमृतेश्वराचं देऊळ आहे त्याच गावात, रतनगडाच्या पायथ्याशी. गडाची ओळख म्हणजे माथ्यावरचं नेढं, कातळाला आरपार पडलेलं भोक. शेजारी खुट्टा नावाचा सुळका उभा आहेच. ऑक्टोबर अखेरची पहाट होती, भात पिवळं झालं होतं. मी तिवई काढून खाचराच्या कडेला रेंगाळत होतो, तेवढ्यात मागून आवाज आला.

“दादा, बांधावरच ऱ्हावा. भातात पाय नको.”

शेताचे मालक होते, घोंगडी पांघरलेले. मी म्हणालो, “नाही मामा, बांध सोडत नाही.” खरं तर दुसरं पाऊल भातात टाकण्याच्या बेतात होतो. मामांनी मला बांधावर आणलं आणि माझा फोटो तिथेच सापडला. बांध पायापाशी रुंद सुरू होत होता, वाकडातिकडा पुढे जात होता आणि बरोबर गडाच्या दिशेने बारीक होत संपत होता.

बांधाचं एवढं कौतुक का, ते सांगतो. सह्याद्री लाव्ह्याच्या थरांवर थर साचून झाला आहे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या त्या थरांच्या आडव्या रेघा आजही प्रत्येक कड्यावर मोजता येतात. माथे सपाट, कडे थरांचे, खाली पाण्याची रेघ, तीही आडवी. इथला फोटो जवळपास आपोआप आडव्या पट्ट्यांचा होतो आणि नजर एका पट्टीवरून दुसऱ्या पट्टीवर उडी मारायला तयार नसते. तिला आत नेणारी तिरपी किंवा वळणदार रेघ लागते. खाचराचा बांध, ओढा, पायवाट, पाणी उतरताना जलाशयाच्या काठावर राहिलेली वळणं, यातलं काहीही चालतं.

मग कॅमेऱ्याची उंची. तिवई छातीएवढी ठेवली तेव्हा बांध आणि गड यांच्या मधला रिकामा पट्टा पसरट दिसत होता. त्यात बघण्यासारखं काही नव्हतं. गुडघ्याएवढी केली तेव्हा तो पट्टा दबला, बांध मोठा झाला, भाताच्या लोंब्या चित्रात आल्या. आणखी खाली नेली तर लोंब्यांनी गडाचा पायथाच झाकला. मधली जागा कुठे आहे हे कुठलंही पुस्तक सांगत नाही, वाकून बघावं लागतं. चित्राचे तीन समान भाग करून विषय त्या रेघांवर ठेवा, हा नियम सगळीकडे शिकवतात. सुरुवातीला विषय मधोमध ठेवायची सवय मोडायला तो बरा. त्यापुढे त्याची फार भीड बाळगू नये.

त्यापेक्षा एक सवय लावून घ्यावी. बटण दाबण्याआधी नजर चित्राच्या चारही कडांवरून एकदा फिरवायची. अर्धवट कापलेली फांदी, विजेच्या खांबाचं टोक, स्वतःच्याच तिवईचा पाय, नको असलेली बहुतेक मंडळी कडेवरच बसलेली असतात. आणि पुढच्या झाडाचा शेंडा मागच्या डोंगराच्या धारेला चिकटत नाही ना, तेही पाहायचं. चिकटत असेल तर एक पाऊल डावीकडे सरकलं तरी पुरतं. दोन्हींच्या मध्ये बोटभर आभाळ राहिलं की खोली येते.

नेढ्यापासून लोंबीपर्यंत सगळं स्पष्ट हवं असेल तर फोकस गडावर करायचा नसतो. फुल फ्रेम कॅमेऱ्यावर चोवीस मिलिमीटरची लेन्स एफ ८ वर ठेवली आणि अडीच मीटरवरच्या वस्तूवर फोकस केला, तर सव्वा मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं चालण्याजोगं स्पष्ट येतं. छिद्र एफ २२ पर्यंत बारीक करण्याचा मोह टाळावा. तिथे प्रकाश छिद्राच्या कडेवरून पसरतो आणि सगळंच चित्र किंचित मऊ पडतं.

आता उजेड. आपण म्हणतो सूर्य पूर्वेला उगवतो, पण भंडारदऱ्याच्या अक्षांशावर २१ जूनला तो नेमक्या पूर्वेपासून पंचवीस अंश उत्तरेला सरकलेला असतो आणि २२ डिसेंबरला तेवढाच दक्षिणेला. वर्षभरात उगवतीची जागा पन्नास अंशांनी हलते. मूठ आवळून हात लांब केला तर मूठ साधारण दहा अंशांची भरते, म्हणजे पाच मुठी! जूनमध्ये सावलीत राहणारा कडा डिसेंबरात पहिलं ऊन खातो. म्हणून एकदा जाऊन ‘इथे फोटो होत नाही’ असा निकाल देऊ नये. माझ्या त्या पहाटे सूर्य पूर्वेच्या सुमारे चौदा अंश दक्षिणेला होता, माझ्या डाव्या खांद्यामागे. थेट पाठीमागे असता तर गड उजळला असता, पण सपाट दिसला असता. तिरक्या उन्हाने प्रत्येक घळीला सावली दिली आणि कड्याचे थर उठून आले.

अडचण वेगळीच होती. गडाच्या माथ्यावर ऊन आलं तरी खाचर अजून सावलीत होतं. खाचर नीट दिसेल असा फोटो घेतला तर माथा पांढरा फटक पडतो, आणि माथा सांभाळला तर भात काळवंडतो. अशा वेळी हिस्टोग्राम बघावा. डोंगरासारखी दिसणारी ती आकृती उजव्या भिंतीला जाऊन आपटली की उजळ भागातला तपशील गेला, आणि पांढरा झालेला कातळ नंतर कोणत्याही युक्तीने परत येत नाही. काळोखातून मात्र बरंच काही वर काढता येतं. मी माथा सांभाळून एक फोटो घेतला आणि जागा न हलवता दोन स्टॉप जास्त उजेडाचा दुसरा. फाइल रॉ ठेवली. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या उजेडाच्या २५६ पायऱ्या असतात, चौदा बिटांच्या रॉ फाइलमध्ये १६,३८४. सावली उघडताना या पायऱ्याच उपयोगी पडतात. जेपेगमध्ये त्या लवकर संपतात आणि आभाळात पट्टे उमटतात.

हे झालं एका खाचराचं. याच अकोले तालुक्यात दोन-चार मैलांवर गेलं की यातले निम्मे नियम उलटे होतात. पहाट-संध्याकाळचं सोनेरी ऊन शोधा, हा सल्ला साम्रदच्या सांदण दरीत कुचकामी ठरतो. दोन्ही बाजूंना उंच कातळभिंती, मध्ये काही ठिकाणी जेमतेम माणूस जाईल एवढी वाट. सकाळी तिथे नुसती निळसर सावली असते. उन्हाळ्याच्या तोंडावर भर दुपारी ऊन एका भिंतीच्या वरच्या भागावर पडतं आणि तिथून परतून समोरच्या भिंतीवर उतरतं. तो परतीचा उजेड टिपायचा. ऊन लागलेली भिंत आणि वरची आभाळाची चीर, दोन्ही चित्राबाहेर ठेवाव्यात. ती चीर आत आली की नजर तिथेच जाऊन बसते आणि बाकीची दरी काळी पडते. पावसाळ्यात मात्र दरीकडे फिरकू नये. पाणी वरून येतं आणि पळायला जागा नसते.

पाण्याचंही एकच सूत्र नाही. भंडारदऱ्याचं विल्सन धरण १९२६ सालचं. धरणातून पाणी सोडलं की पायथ्याशी गोल खडकावरून ते छत्रीसारखं पसरतं, म्हणून त्याला अंब्रेला फॉल म्हणतात. इथे शटर एक-दोन सेकंद उघडं ठेवलं तर छत्रीचा घुमट गुळगुळीत होतो आणि नावाला शोभतो. तीच तऱ्हा भर पावसात रंधा धबधब्यावर केली तर प्रवरेचा लोंढा म्हणजे पिंजलेला कापूस! तिथे सेकंदाचा पंधरावा किंवा तिसावा हिस्सा पुरे. पाण्याला दोर येतात आणि जोर दिसतो. आणि पोलरायझर फक्त आभाळ निळं करायला असतो हा समज सोडावा. पावसाळ्यात आभाळ निळं नसतंच. पण ओल्या पानांवरची, ओल्या कातळावरची पांढरी चमक त्याने मरते आणि खालचा खरा रंग वर येतो. बदल्यात दीड-दोन स्टॉप उजेड जातो, तो हिशेब धरावा.

धुक्यात कॅमेरा फसतो. समोरचं सगळं पांढरं बघून त्याला वाटतं उजेड फार झाला, आणि तो धुक्याला राखाडी करून टाकतो. हाताने पाऊण ते एक स्टॉप वाढवला की धुकं धुक्यासारखं दिसतं. धुक्याचा कळस बघायचा तर हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर. कडा पश्चिमेला तोंड करून आहे, त्यामुळे सकाळी सूर्य पाठीशी असतो. खाली धुकं दाटलेलं असेल तर त्यावर आपली सावली पडते आणि सावलीच्या डोक्याभोवती रंगीत वर्तुळ उमटतं. यालाच इंद्रवज्र म्हणतात. कर्नल साइक्स यांनी १८३५ साली प्रसिद्ध झालेल्या दख्खनच्या हवामानावरच्या निबंधात या वर्तुळाचं वर्णन केलं आहे. गंमत अशी की शेजारी शेजारी उभ्या असलेल्या दोघांना वर्तुळ आपापल्या डोक्याभोवतीच दिसतं. मित्राच्या डोक्याभोवतीचं वर्तुळ टिपायचा हट्ट धरू नये.

नगर जिल्ह्याचं दुसरं टोक अगदी निराळं. इकडे घाटघरला वर्षाला काही हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो आणि पूर्वेकडचे तालुके पर्जन्यछायेत कोरडे. नगर शहराजवळच्या डोंगरावर चांदबीबीचा महाल म्हणून ओळखली जाणारी वास्तू आहे, प्रत्यक्षात ती सलाबतखानाची कबर. तिच्या कमानीतून खालचं माळरान बघितलं की आयती चौकट मिळते. कमानीचा आतला भाग काळाच राहू द्यावा. तो उजळायला गेलं की चौकटीचं काम संपतं.

आता घरी येऊ. संस्करणासाठी महागडं सॉफ्टवेअर लागतंच असं नाही. डार्कटेबल आणि रॉथेरपी ही दोन्ही फुकट आहेत आणि पुरेशी आहेत. मी रतनवाडीची फाइल उघडून आधी फक्त क्षितिज सरळ केलं आणि व्हाइट बॅलन्स बघितला. सावलीतलं खाचर निळसर होतं, माथा पिवळसर. दोन्ही एकाच मापाने दुरुस्त करायला गेलो तर पहाटच नाहीशी झाली. म्हणून निळसरपणा थोडा राहू दिला. सावली निळी आहे म्हणूनच ऊन सोनेरी वाटतं.

नंतर दोन फोटोंचा मेळ घातला. उजळ फोटोतलं खाचर, गडद फोटोतला माथा आणि आभाळ. असा मेळ घालताना सगळ्यात मोठा धोका डोंगराच्या धारेवर असतो. घाईत केलं की धारेला लागून आभाळात पांढरी किनार उमटते, जणू डोंगराला मागून ट्यूबलाइट लावली आहे. चित्र दुप्पट मोठं करून ती धार एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तपासावी. सावली उघडतानाही एक पथ्य आहे: ती आभाळापेक्षा गडदच राहिली पाहिजे. सावलीतलं भात उन्हातल्या कातळाइतकं उजळ झालं तर बघणाऱ्याला कारण कळत नाही, पण काहीतरी खोटं आहे हे लगेच कळतं.

रंगात सर्वांत जास्त छळतो तो हिरवा. सॅच्युरेशनचा खटका थोडा पुढे सरकवला की सह्याद्री प्लास्टिकच्या हिरवळीसारखा दिसू लागतो, आणि ओला काळा बेसाल्ट जांभळा पडतो. मी उलट करतो. हिरवा आणि पिवळा वेगळा काढून त्यांची तीव्रता कमी करतो, हिरव्याची उजळीही जरा उतरवतो. तसंच धुरकट हवा साफ करणाऱ्या ‘डिहेझ’ नावाच्या खटक्याचं. मागचे डोंगर फिके दिसतात म्हणूनच ते मागे आहेत हे कळतं. ती हवा साफ केली की सगळे डोंगर एकाच भिंतीवर टांगल्यासारखे दिसतात. लावायचाच असेल तर पुढच्या भागाला हलक्या हाताने लावावा.

उरलं ते नजरेला वाट दाखवणं. बांधाच्या कडेने, जिथून नजर आत जावी असं वाटतं, तिथे थोडा उजेड वाढवला. खालचे दोन कोपरे थोडे दाबले. डावीकडे एक पांढरा दगड उगाच लक्ष खेचत होता, तो पुसला नाही, नुसता मंद केला. हे काही संगणकाने आणलेलं नाही. अंधाऱ्या खोलीत कागदावर फोटो छापणारे लोक हातांची सावली धरून हेच करत. अमेरिकी छायाचित्रकार ॲन्सेल ॲडम्स आधी पियानो शिकलेले. निगेटिव्हला ते स्वरलिपी मानत आणि छापलेल्या फोटोला मैफल. १९४१ साली हर्नांडेझ गावावर उगवलेल्या चंद्राचा त्यांचा फोटो प्रसिद्ध आहे. पुढची काही दशकं ते तो पुन्हा पुन्हा छापत राहिले आणि नंतरच्या प्रतींत आभाळ जास्त काळं होत गेलं.

मग मर्यादा कुठे? माझी मर्यादा अशी की जिथे उभा होतो तिथे नसलेलं काही आणायचं नाही. हल्ली कोकणकड्याच्या फोटोंवर आकाशगंगा चिकटवलेली दिसते. पुष्कळदा त्यातला ठळक, फुगीर गाभा वायव्येला मावळताना असतो. आपल्या अक्षांशावर तो नैऋत्येकडे मावळतो, वायव्येला कधीच नाही. चिकटवणाऱ्याने निदान होकायंत्र तरी बघावं.

शेवटी कातरणं. रतनवाडीच्या फोटोत उजवीकडे एक जास्तीचा तुकडा होता: शेजारचं खाचर, त्यात कापून पडलेलं भात, मागे अर्धवट दिसणारं छप्पर. बांधाच्या रेघेला त्याचा काहीच उपयोग नव्हता. मी तो कापला, चित्र आवळलं गेलं, बरं झालं. बारा बाय अठरा इंचांची प्रत काढली आणि पुढच्या खेपेला मामांसाठी घेऊन गेलो.

मामांनी प्रत उन्हात धरली. गड बघितला, नेढं बघितलं, बांधावरून बोट फिरवत उजव्या कडेपर्यंत आले आणि तिथे थांबले.

“फोटू झ्याक हाय,” ते म्हणाले. “पण ह्यो बांध आमच्या भावकीचा. माझं खाचर ह्याच्या पल्याड. ते कुठं गेलं?”

मूळ फाइल सुदैवाने होती. पंधरा दिवसांनी दुसरी प्रत पाठवली, न कातरलेली. ती त्यांच्या ओटीवर लागली आहे. पहिली प्रत माझ्याकडे परत आली.